पीआयसीयूमधील (बाल अतिदक्षता विभागातील) मुलांच्या शय्याव्रणाचा, म्हणजे सततच्या दाबामुळे त्वचेवर होणाऱ्या जखमेचा, धोका कोणत्या तक्त्याने तपासावा?

इनचार्ज_विदर्भ (प्रश्न)

नमस्कार. मी विदर्भातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, ट्रस्टच्या रुग्णालयातील बाल अतिदक्षता विभागाची इनचार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे आठ खाटा आहेत आणि एका पाळीत तीन, फार तर चार परिचारिका असतात. एनएबीएच या रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या तपासणीच्या तयारीसाठी, रुग्ण दाखल झाल्यानंतर किती शय्याव्रण झाले याची दर हजार रुग्ण-दिवसांमागे नोंद ठेवावी लागते, आणि त्याच्या जोडीने प्रत्येक रुग्णाचा धोका दाखवणारा तक्ता केसपेपरला लावावा लागतो. मेट्रन मॅडमनी संपूर्ण रुग्णालयासाठी एकच तक्ता ठरवला आहे, तो म्हणजे मोठ्या माणसांसाठीचा मूळ ब्रेडन तक्ता, ज्यात प्रत्येक रकान्याला गुण देऊन बेरजेवरून धोका ठरवतात.

माझी अडचण अशी आहे की, त्या तक्त्यात ‘रुग्ण किती चालतो-फिरतो’ असा एक रकाना आहे आणि चार महिन्यांच्या बाळाला त्यात एक गुण देण्यापलीकडे काहीच करता येत नाही. ओलाव्याच्या रकान्याचेही तेच, कारण लंगोटातले प्रत्येक बाळ ओलेच असते. याउलट आमच्याकडे प्रत्यक्षात ज्या जखमा दिसतात त्या बायपॅपच्या (दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या) मास्कखाली नाकाच्या दांडीवर, ऑक्सिमीटरच्या प्रोबखाली पायाच्या अंगठ्यावर, कॅन्युलाच्या (शिरेत घातलेल्या सुईनळीच्या) हबखाली, म्हणजे तिच्या बाहेरच्या जाड टोकाखाली, मनगटावर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला असतात, आणि यांपैकी उपकरणांचा त्या तक्त्यात उल्लेखसुद्धा नाही. माकडहाडावरची जखम, जिच्यासाठी तो तक्ता मुळात तयार झाला असावा असे वाटते, ती आमच्याकडे मोठ्या वयाच्या मुलांतच क्वचित आढळते.

तेव्हा लहान मुलांसाठी कोणता तक्ता वापरावा, तो किती वेळाने भरावा, आणि एवढ्या मनुष्यबळात तो भरण्यात खरोखर अर्थ आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. आणखी एक लहानसा प्रश्न असा की, नातेवाईक बाळाच्या डोक्याखाली ठेवण्यासाठी मोहरीची उशी आणतात आणि आमच्याच काही जुन्या सिस्टर हातमोज्यात पाणी भरून तो टाचेखाली किंवा डोक्याखाली ठेवतात. हे चालू द्यावे का?

बालअतिदक्षता_पुणे

सिस्टर, आपले निरीक्षण अचूक आहे आणि मुलांसाठी वेगळा तक्ता तयार होण्याचे कारणही तेच आहे. मार्था कर्ली आणि सँडी क्विग्ली यांनी १९९६ मध्ये मूळ ब्रेडन तक्त्यात बदल करून मुलांसाठी ब्रेडन-क्यू तयार केला. त्यात हालचाल, चालणे-फिरणे, संवेदना, ओलावा, घर्षण, पोषण आणि ऊतींना होणारा रक्त व प्राणवायूचा पुरवठा असे सात घटक असून प्रत्येकाला १ ते ४ गुण मिळतात. म्हणजे एकूण ७ ते २८, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. २००३ मध्ये त्यांनी तो बाल अतिदक्षता विभागातील ३२२ मुलांवर तपासला, तेव्हा ८६ मुलांना मिळून १९९ जखमा झालेल्या आढळल्या, त्यांतील बहुतेक पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे त्वचा न फाटता केवळ लाल झालेल्या, होत्या. १६ ही सीमा धरली (१६ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे धोका) तर जखम होणाऱ्यांपैकी ८८ टक्के मुले त्या तक्त्यात सापडत होती. मात्र जन्मजात हृदयरोग असलेली मुले त्या अभ्यासात नव्हती, हे आपल्याकडे हृदयशस्त्रक्रिया होत असतील तर लक्षात ठेवावे लागेल.

आपल्याला जी उणीव जाणवली तीच त्यांनाही पुढे जाणवली. २०१८ मध्ये त्याच गटाने ब्रेडन-क्यूडी प्रसिद्ध केला आणि त्यात चालणे-फिरणे व ओलावा हे दोन्ही रकाने काढून टाकून दोन नवे घातले: अंगाला किती उपकरणे लागलेली आहेत, आणि ती जागेवरून हलवता येतात का किंवा त्यांच्याखालच्या त्वचेला संरक्षण आहे का. ८ रुग्णालयांतील ६२५ मुलांच्या त्या अभ्यासात ४९ मुलांना ८६ जखमा झाल्या आणि त्यांपैकी ६४ उपकरणांमुळे, तर केवळ २२ हालचाल नसल्यामुळे झाल्या होत्या. आपल्या विभागातले चित्र याहून वेगळे असण्याचे कारण नाही. अकाली जन्मलेल्या बाळांपासून २१ वर्षांपर्यंत हा एकच तक्ता चालतो, त्यामुळे माझे मत स्पष्टपणे ब्रेडन-क्यूडीच्या बाजूने आहे.

एक इशारा मात्र आवर्जून देतो. ब्रेडन-क्यूडीमध्ये गुण ० ते २० असतात आणि ते *वाढले* की धोका वाढतो. १३ किंवा त्याहून अधिक म्हणजे धोका. मोठ्यांच्या ब्रेडनमध्ये २० गुण म्हणजे निश्चिंत रुग्ण, आणि इथे २० गुण म्हणजे सर्वांत वाईट अवस्था. आपल्याकडे मोठ्यांच्या आयसीयूतून पाळीपुरत्या बदली परिचारिका येत असतील, तर हा उलटा क्रम तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापून घ्यावा. मेट्रन मॅडमना एकच तक्ता हवा असण्यामागे हीच काळजी असेल, तर ती अगदीच अनाठायी नाही.

भूलतज्ज्ञ_शंकेखोर

वरील माहितीचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. ब्रेडन-क्यूडीची १३ ही सीमा धरली तर संवेदनशीलता (जखम होणाऱ्यांपैकी किती सापडतात) ८६ टक्के आणि विशिष्टता (जखम न होणाऱ्यांपैकी किती जणांना तक्ता धोक्याबाहेर दाखवतो) ५९ टक्के आहे. हे आकडे शंभर मुलांवर मांडून पाहावेत. त्या अभ्यासाप्रमाणे शंभरांपैकी सुमारे ८ मुलांना जखम होणार. त्यातली ७ तक्त्यात सापडतील. उरलेल्या ९२ पैकी सुमारे ३८ मुलांनाही तक्ता ‘धोका’ म्हणूनच दाखवील. म्हणजे ४५ मुलांवर खूण केली जाईल आणि त्यांतील ३८ जणांना काहीच होणार नाही. त्यातही ज्या विभागात प्रत्येक मूल व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधांवर आणि पाच-सात नळ्यांसह पडलेले आहे, तिथे जवळजवळ सर्वांचेच गुण सीमेच्या वर जाणार. मग तीन परिचारिकांनी आठ मुलांचे तक्ते भरण्यात वेळ घालवण्यापेक्षा, व्हेंटिलेटरवरचे प्रत्येक मूल धोक्यातच आहे असे गृहीत धरून तोच वेळ कूस बदलण्यासाठी का वापरू नये?

बालपरिचारिका_ठाणे

डॉक्टर, आपले गणित बरोबर आहे, पण त्या ३८ मुलांना ‘काहीच होणार नाही’ हे आपण आधीच ठरवून टाकले आहे. ज्या रुग्णालयांत हा अभ्यास झाला तिथे त्या मुलांची कूस बदलली जात होती, नाकाच्या दांडीवर पट्टी लावली जात होती, प्रोबची जागा बदलली जात होती. त्यांतल्या काहींना जखम झाली नाही ती काळजी घेतली म्हणून, आणि कागदावर मात्र तीच मुले तक्त्याची चूक म्हणून मोजली गेली. काळजी न घेता हाच तक्ता तपासून पाहणे कोणालाच शक्य नाही, त्यामुळे ५९ टक्के हा आकडा दिसतो तितका वाईट नसावा.

आपल्या दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी बऱ्याच अंशी सहमत आहे. व्हेंटिलेटरवरच्या मुलाचे गुण १५ आहेत की १७, याने माझ्या कामात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो कोणत्या रकान्यात गुण गेले याने. बेरीज लिहून तक्ता बंद करणाऱ्या परिचारिकेला त्याचा उपयोग नाही. ‘उपकरण हलवता येत नाही’ या रकान्यात दोन गुण लिहिताना ते उपकरण नेमके कोणते, याचे नाव ज्या परिचारिकेला समोर लिहावे लागते, तिला आहे. आमच्या विभागातल्या छापील तक्त्यात त्या रकान्यापुढे एक रिकामी ओळ आहे आणि तिथे नाव न लिहिता पुढे जायचे नाही असा नियम आहे. तक्ता भरायला लागणारा वेळ म्हणाल तर सवयीनंतर तो अगदी थोडा असतो. खरा वेळ त्वचा पाहण्यात जातो आणि तो जायलाच हवा.

त्वचा पाहण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण इनचार्ज सिस्टरांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, त्यामुळे उताण्या बाळाचा सर्वाधिक भार डोक्याच्या मागच्या बाजूवर येतो आणि तीच जागा केसांखाली लपलेली असते. केसांना तेल लावलेले असेल तर बोटे सहज फिरतात आणि सारे ठीक आहे असे वाटते. म्हणून केसांचा भांग पाडून, उजेड धरून, कवटीची त्वचा डोळ्यांनी पाहावी. तिथली जखम भरून आली तरी पुढे त्या जागी केस न उगवलेला चट्टा राहू शकतो, आणि तो आईला आयुष्यभर दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर पहिल्या टप्प्याचा लालसरपणा पुस्तकातल्या चित्रासारखा दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा जांभळट किंवा गडद छटा, हाताला गरम अथवा गार लागणे, टणक किंवा लिबलिबीत लागणे, या खुणांवर भर द्यावा लागतो. बोटाने दाबून पांढरे पडते का, ही परीक्षा गोऱ्या बाळात सोपी आहे, सावळ्या बाळात ती एकटी पुरत नाही.

उपकरणांची पाहणी करताना मी डोक्यापासून सुरुवात करते. नळी तोंडातून असेल तर ओठाचा कोपरा, नाकातून असेल तर नाकपुडीची कड. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) नाकपुडीला घट्ट ओढून चिकटवलेली असेल तर ती सैल करून पुन्हा चिकटवावी. बायपॅपचा मास्क काही क्षण उचलून नाकाची दांडी पाहावी, आणि मास्कचा आकार बाळाच्या मापाचा आहे ना, हेही पाहावे. मापाचा मास्क नसला की हवा गळते आणि मग पट्टे आवळले जातात, जखमेची सुरुवात तिथे होते. हाताची स्प्लिंट, कॅन्युलाचा हब आणि त्याखालची कापसाची घडी, प्रोबभोवती गुंडाळलेला डायनाप्लास्ट (चिकटपट्टी), लघवीच्या नळीचा मांडीवरचा वळसा, हे सारे एकेक करून पाहावे. शेवटी दोघींनी मिळून बाळाला अलगद एका कुशीवर घ्यावे आणि पाठीखालून हात फिरवावा. ईसीजीची वायर, थ्री-वे (सलाईनच्या नळ्या जोडणारी तीन तोंडांची तोटी), सुईचे टोपण, अशा वस्तू तिथे सापडतात. त्यांचा ठसा पाठीवर इतका स्पष्ट उमटलेला असतो की थ्री-वे कोणत्या दिशेला होता हेही सांगता येते. असला धोका कोणत्याच तक्त्यात मोजला जात नाही.

हातमोज्यातले पाणी पूर्णपणे बंद करावे. मोजा घरंगळतो, त्याची गाठ रुतते, रबराखाली त्वचेला घाम येतो, आणि मार्गदर्शक सूचनांमध्येही रिंगच्या आकाराच्या उश्या, सलाईनच्या पिशव्या आणि पाण्याचे मोजे वापरू नयेत असेच सांगितलेले आहे. लाल झालेल्या जागेवर तेल किंवा पावडर लावून चोळण्याची सवयही मोडावी लागेल, कारण खाली इजा झालेल्या ऊतीला चोळल्याने आणखी इजा होते. मोहरीच्या उशीबाबत आजीशी वाद घालू नये. उशी घरी गेल्यावर वापरा, इथे बाहेरची वस्तू खाटेवर ठेवता येत नाही, असे सांगितले की बहुतेकजणी समजून घेतात. आणि आईला डोक्याची दिशा कधी बदलायची हे शिकवले तर ती आपल्यापेक्षा काटेकोरपणे वेळ पाळते.

कार्डिफवासी_परिचारिका

मी मूळची साताऱ्याची असून सध्या वेल्समध्ये मुलांच्या रुग्णालयात काम करते. इकडे ग्लॅमॉर्गन तक्ता बराच वापरात आहे. तो इथल्याच तेव्हाच्या ग्लॅमॉर्गन विद्यापीठात जेन विलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या प्रत्यक्ष माहितीवरून तयार केला, मोठ्यांच्या तक्त्यावरून बेतलेला नाही. त्यात हलवणे फारच कठीण असलेल्या किंवा हलवल्यास प्रकृती ढासळणाऱ्या मुलाला २० गुण, उपकरण अथवा कठीण पृष्ठभाग त्वचेवर दाबत-घासत असेल तर १५ गुण, आणि रक्तक्षय, सततचा ताप, अपुरे पोषण, वजन कमी असणे अशा प्रत्येक बाबीसाठी एकेक गुण आहे. १० किंवा अधिक म्हणजे धोका, १५ किंवा अधिक म्हणजे जास्त धोका, २० किंवा अधिक म्हणजे अतिशय धोका. भरायला तो सोपा आहे. परंतु उपकरण एक असो वा आठ, गुण पंधराच मिळतात, आणि आपल्या विभागासाठी ती अडचण ठरेल असे मला वाटते. सामान्य बालवॉर्डासाठी मात्र त्याचा विचार जरूर करावा.

इथल्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या सूचनांमध्ये, मुलांसाठी प्रमाणित केलेला तक्ता, उदाहरणार्थ ब्रेडन-क्यू, परिचारिकेच्या स्वतःच्या निर्णयाला *आधार म्हणून* वापरावा असे म्हटले आहे. धोका असलेल्या बाळाची स्थिती किमान दर ४ तासांनी बदलावी आणि धोका जास्त असेल तर त्याहून लवकर, असेही त्यात आहे. स्थिती बदलताना डोक्यावरचा दाब कमी होतो ना, हे पाहण्यास स्वतंत्रपणे सांगितले आहे. मोठ्यांची एअर मॅट्रेस, जिला आपल्याकडे अल्फा बेड म्हणतात, ती बाळाखाली घालण्याचा मोह टाळावा. तिचे कप्पे मोठ्या माणसाच्या वजनाला आणि उंचीला धरून केलेले असतात. सात-आठ किलोच्या बाळाचे डोके दोन कप्प्यांच्या मधल्या खळग्यात बसते.

इनचार्ज_विदर्भ

सर्वांचे मनापासून आभार. सध्या दाखल असलेल्या मुलांपैकी एकाचे गुण ब्रेडन-क्यूडीप्रमाणे काढून पाहिले. ते बरोबर आहेत का, हे पुण्याच्या डॉक्टरांनी कृपया तपासावे. बाळ आठ महिन्यांचे आहे, तीव्र न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर आहे, पूर्ण गुंगीत आहे आणि रक्तदाबासाठी औषधाचा ठिबक चालू आहे. हालचाल २, संवेदना २, घर्षण १, पोषण १, रक्तपुरवठा २. उपकरणे मोजली तर श्वासनलिकेतील नळी, रायल्स ट्यूब, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतील नळी), आर्टिरियल लाइन (धमनीतील नळी), हातातील कॅन्युला, ऑक्सिमीटर, लघवीची नळी आणि रक्तदाबाचा पट्टा अशी आठ झाली, म्हणून ८. उपकरणे हलवता येण्याच्या रकान्यात २. बेरीज १८.

दोन शंका राहतात. ईसीजीचे पॅच मोजले नाहीत, ते मोजायला हवे होते का? आणि दुसरे म्हणजे, आम्ही सर्व उपकरणांखाली संरक्षण दिले, जागा बदलल्या, तरी बेरीज १८ वरून केवळ १७ वरच येते. मग आमच्या मेहनतीचा परिणाम गुणांत दिसणार कसा? एनएबीएचच्या तपासणीत हा प्रश्न हमखास विचारला जाईल.

बालअतिदक्षता_पुणे

आपले गुण बरोबर आहेत. त्वचेला किंवा श्लेष्मल आवरणाला चिकटलेले अथवा त्यातून आत गेलेले कोणतेही उपकरण मोजायचे असते, त्यामुळे ईसीजीचे पॅचही येतात. मात्र उपकरणांसाठी कमाल गुण ८ च आहेत, म्हणून या बाळाच्या बेरजेत फरक पडत नाही.

दुसऱ्या शंकेविषयी असे की, हे गुण बाळाच्या अवस्थेचे आहेत, आपल्या कामाचे नाहीत. आठ नळ्या लागलेल्या, गुंगीतल्या बाळाचा धोका संरक्षण दिल्यावरही मोठाच राहतो, आणि तक्त्याने तो मोठाच दाखवावा. मेहनत दिसायला हवी ती हजार रुग्ण-दिवसांमागच्या जखमांच्या आकड्यात, आणि तीही उपकरणांमुळे झालेल्या व हालचालीअभावी झालेल्या अशा दोन वेगळ्या रांगांत. तोंडातील किंवा नाकाच्या आतील जखमांना टप्पा देत नाहीत, त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. सुरुवातीला हा आकडा वाढलेला दिसेल, कारण आतापर्यंत नाकाच्या दांडीवरचा डाग शय्याव्रण म्हणून मोजलाच जात नव्हता. व्यवस्थापनाला हे आधीच लेखी कळवून ठेवावे.

हेच बाळ आठवड्याभराने व्हेंटिलेटरवरून निघाले, हाय-फ्लोवर (नाकातून वेगाने प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर) आले, जागे झाले, नळीने पूर्ण दूध घेऊ लागले असे समजा. हालचाल १, संवेदना ०, घर्षण १, पोषण ०, रक्तपुरवठा १, उपकरणे चार राहिली म्हणून ४, आणि ती हलवता येत असल्याने १. बेरीज ८, म्हणजे सीमेच्या बरीच खाली. भूलतज्ज्ञ मित्रांच्या पद्धतीने केवळ व्हेंटिलेटरवरच्या मुलांकडे लक्ष दिले, किंवा केवळ १३ या आकड्याकडे पाहिले, तर हे बाळ नजरेतून सुटेल. पण हाय-फ्लोची कॅन्युला नाकाच्या पडद्यावर आणि तिचा पट्टा कानामागे दाबतच असतो, आणि आता जागे झालेले बाळ ती ओढतेही. म्हणून तक्ता दाखल होताना, त्यानंतर रोज एकदा आणि प्रकृती बदलेल तेव्हा भरावा; उपकरणांखालची त्वचा मात्र गुण कितीही असले तरी दिवसातून किमान दोनदा, आणि अंगावर सूज असेल तर त्याहून अधिक वेळा पाहावी.

ठिबक चालू असलेल्या बाळाला पूर्ण कुशीवर घेतल्यावर रक्तदाब घसरत असेल, तर ‘हलवता येत नाही’ असे लिहून थांबू नये. एकीने नळी धरावी, दुसरीने डोके तळहातावर किंचित उचलून दिशा बदलून ठेवावी, खांद्याखाली आणि कमरेखाली पातळ घडी सरकवावी व पुढच्या वेळी काढावी. सक्शन (नळीतील स्राव ओढून काढणे) किंवा एक्स-रेसाठी दोघी तशाही खाटेजवळ येतात, त्याच वेळी हे करून घेतले तर तीन परिचारिकांच्या पाळीतही जमते.